५१.८ अंश: बडोद्यातील एका तापमान-नोंदीचे प्रकरण

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एक छोटी कंपनी कारखान्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर देखरेख ठेवणारे यंत्र बनवते. तेलाचे तापमान, तिन्ही फेजचा प्रवाह आणि व्होल्टेज या नोंदी हे यंत्र निरनिराळ्या सेन्सरांकडून आणि मीटरांकडून आरएस-४८५ च्या तारांवरून गोळा करते आणि दर पाच मिनिटांनी, त्या क्षणी हाताशी असलेली शेवटची नोंद सर्व्हरकडे पाठवते. सेन्सरांशी संवाद चालतो तो मॉडबसमधून. हा प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत) मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली प्रसिद्ध केला आणि आजही तो कारखान्याकारखान्यांत वापरात आहे. यंत्राचे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम, सी भाषेत आहे. ते ज्यांनी लिहिले त्या वरिष्ठ अभियंत्यांना कंपनीत सगळे ‘काका’ म्हणतात. त्यांच्या हाताखालची तरुण अभियंता कलाभवनात शिकलेली आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेली ही संस्था आज विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत सामावलेली असली, तरी बडोद्यातील मराठी घरांत तिला अजूनही कलाभवनच म्हणतात. कंपनीचा कोड तपासून मत देण्यासाठी मला बोलावण्यात आले होते, आणि या लेखातील मांडणी त्या तपासणीवर आधारलेली आहे.

तक्रार आणि पहिला तपास

मे महिन्यात एका ग्राहक-कारखान्याच्या विद्युत विभागाने कळवले की दुपारच्या पूर्ण भारावर तेलाचे तापमान ७१ ते ७३ अंशांच्या आसपास दिसत असताना मध्येच एखादी नोंद एकदम वीस अंशांनी खाली येते आणि पुढच्या नोंदीला आकडा पुन्हा जागेवर जातो. तक्रार करणाऱ्याने सोबत दिलेले कारण अगदी योग्य होते. ट्रान्सफॉर्मरमधील तेलाचे वस्तुमान इतके असते की त्याचे तापमान बदलायला तास लागतात. पाच मिनिटांत वीस अंश उतरणे आणि पुढच्या पाच मिनिटांत तेवढेच चढणे भौतिकदृष्ट्या शक्यच नाही. ट्रान्सफॉर्मरच्या संरक्षणासाठी स्वतंत्र यांत्रिक तापमान-निर्देशक बसवलेला होता, त्यामुळे धोका उद्भवला नाही. मात्र आलेखावर विसंबून भाराचे नियोजन करणाऱ्या माणसाचा त्या आलेखावरचा विश्वास उडाला, आणि देखरेखीच्या यंत्राकडे विश्वासाखेरीज विकण्यासारखे दुसरे काही नसते.

पहिला संशय साहजिकच वायरिंगवर गेला. केबलचे शिल्ड तपासले गेले, शेवटच्या टोकाचा १२० ओहमचा रोधक बदलला गेला, सेन्सरही बदलून पाहिला. काहीही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण मॉडबसच्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी दोन बाइटांची सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का हे तपासण्यासाठीचा आकडा) असते आणि संशयास्पद नोंदींच्या वेळी ती बरोबरच येत होती. तारेवर संदेश बिघडत नव्हता. बिघडत होता तो त्याचा अर्थ, आणि तोही यंत्राच्या आत.

तरुण अभियंत्याने सर्व्हरवरील जुन्या नोंदी काढून फक्त चुकीचे आकडे एकाखाली एक मांडले, तेव्हा त्यांत दोनच मूल्ये निघाली: दिवसा ५१.८ आणि रात्री, तेल निवलेले असताना, २६.२. खरे तापमान ७१ असो वा ७५, चुकीची नोंद ५१.८ चीच. दोहोंतील फरक २५.६ अंशांचा होता. तापमान यंत्रात दशांश अंशांत साठवले जाते, म्हणजे हा फरक २५६ चा झाला, आणि २५६ हा आकडा, म्हणजे एका बाइटात मावणाऱ्या मूल्यांची संख्या, दिसल्यावर बाइटांशी रोज काम करणाऱ्या माणसाला वायरिंगकडे पुन्हा वळावेसे वाटत नाही.

तारेवर काय येत होते

पाचव्या क्रमांकाच्या सेन्सरला तापमान विचारले की त्याचे नेहमीचे उत्तर असे येते: ५, ४, २, २, २००, आणि मग सीआरसीचे दोन बाइट. पहिला आकडा सेन्सरचा पत्ता, दुसरा फंक्शन कोड, तिसरा पुढील माहितीची लांबी, आणि नंतरचे दोन बाइट मिळून तापमान: २ गुणिले २५६ अधिक २००, म्हणजे ७१२, म्हणजे ७१.२ अंश. सेन्सरला उत्तर देता येत नसेल तर तो वेगळ्या आकाराचा संदेश पाठवतो: ५, १३२, ६ आणि सीआरसी. फंक्शन कोडमध्ये १२८ मिळवले आहेत, याचा अर्थ हा नकार आहे. ६ म्हणजे ‘मी व्यस्त आहे, नंतर विचारा’.

आधी वापरात असलेले सेन्सर असा नकार कधी देत नसत. नव्या बनावटीचा सेन्सर स्वतःच्या मेमरीत काही लिहीत असताना तो देत असे. म्हणून त्या सेन्सरसाठी फर्मवेअरमध्ये बदल केला गेला, आणि तो बदल मुळात चांगला होता. आधी उत्तराच्या तीन अवस्था होत्या: नोंद मिळाली, उत्तरच आले नाही, उत्तर खराब आले. त्यांत चौथी अवस्था आली, ‘नकार’. अवस्था सांगणारा एनम (नावे दिलेल्या मोजक्या मूल्यांचा प्रकार) आणि त्याच्या शेजारी एक युनियन (एकाच जागेत वेगवेगळ्या प्रकारची माहिती ठेवण्याची सोय) अशी सी मधील प्रचलित रचना होती: युनियनच्या त्याच जागेत नोंद असेल तर सोळा बिटांचे तापमान, आणि नकार असेल तर आठ बिटांचा नकाराचा कोड.

या अवस्थेवर स्विच, म्हणजे मूल्यानुसार वेगळी शाखा निवडणारी रचना, लावणाऱ्या जागा कोडमध्ये सहा होत्या. पाच ठिकाणी नवी अवस्था हाताळली गेली. सहावी जागा सर्व्हरकडे नोंद पाठवणाऱ्या फाइलमध्ये होती. तिथल्या स्विचमध्ये ‘उत्तर नाही’ आणि ‘उत्तर खराब’ या दोन शाखा स्पष्ट लिहिलेल्या होत्या, आणि नोंद मिळाल्याची शाखा डिफॉल्टमध्ये, म्हणजे नाव न लिहिलेल्या सगळ्या मूल्यांसाठीच्या शाखेत, होती. डिफॉल्टच्या वर गुजरातीत टीप होती: ‘बाकी बधुं बराबर’ (बाकी सगळे ठीक). तीनच अवस्था असताना ती टीप खरी होती. चौथी अवस्था आल्यावर नकारही ‘बराबर’ मध्ये गेला आणि त्याचा कोड तापमान म्हणून वाचला गेला.

आता ५१.८ चा उलगडा होतो. युनियनमध्ये आधीच्या नोंदीचे ७१२ पडून होते, म्हणजे वरचा बाइट २ आणि खालचा २००. त्या चिपमध्ये खालचा बाइट आधी साठवला जातो. नकाराचा कोड ६ हा एकच बाइट असल्यामुळे त्याने फक्त खालच्या बाइटची जागा घेतली, वरचा २ तसाच राहिला, आणि २ गुणिले २५६ अधिक ६ मिळून ५१८ झाले. सी च्या प्रमाणग्रंथानुसार अशा वेळी उरलेल्या बाइटांत काय असेल याची हमी नाही. प्रत्यक्षात बहुतेक कम्पायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम) त्यांना हात लावत नाहीत. ५१.२ ते ७६.७ अंशांमधील कोणत्याही तापमानाचा वरचा बाइट २ असतो, म्हणून दिवसाचे खोटे तापमान नेहमी ५१.८, २५.६ ते ५१.१ मध्ये वरचा बाइट १, म्हणून रात्रीचे २६.२.

या प्रकरणातील मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट ही की चुकीचा आकडा विश्वासार्ह दिसत होता. शून्य किंवा उणे तीन हजार असा आकडा आला असता तर सर्व्हरने तो फेकून दिला असता. ५१.८ अंश हे तेलाचे अगदी सामान्य तापमान आहे, आणि तक्रार आली ती केवळ तेल कसे निवते याची जाण असलेला माणूस आलेख पाहत होता म्हणून.

कम्पायलर गप्प का राहिला

काकांनी फर्मवेअर निष्काळजीपणे लिहिलेले नव्हते. जीसीसी या कम्पायलरच्या सर्वसाधारण सूचना चालू होत्या आणि त्यांत एनमवरील स्विचमध्ये एखादी शाखा राहिली तर इशारा देणारी सूचनाही येते. पण तिला एक अट आहे: स्विचमध्ये डिफॉल्ट असेल तर ती सूचना दिली जात नाही. डिफॉल्ट लिहिणाऱ्याने उरलेल्या सगळ्याचा विचार केला आहे असे कम्पायलर गृहीत धरतो. डिफॉल्ट असतानाही इशारा देणारी आणखी एक कडक सूचना जीसीसीत आहे, पण ती वेगळी मागावी लागते, आणि ती कोणी मागितली नव्हती.

मग डिफॉल्ट लिहिलेच का? कारण कंपनीने मिस्रा सी २०१२ ही सी मध्ये सुरक्षित कोड लिहिण्याची नियमावली स्वीकारली होती आणि तिचा १६.४ क्रमांकाचा नियम सांगतो की प्रत्येक स्विचमध्ये डिफॉल्ट असलेच पाहिजे. या नियमामागचा विचार पक्का आहे. सी मधील एनम म्हणजे शेवटी एक पूर्णांक. त्यात जाहीर केलेल्या नावांपलीकडचे मूल्यही येऊ शकते, मेमरी बिघडल्याने येऊ शकते, बाहेरून आलेला बाइट सरळ एनममध्ये ओतल्याने येऊ शकते. अशा मूल्याला सामोरे जायला शाखा हवीच. परंतु एकाच शब्दावर येथे दोन कामे पडली आहेत: ‘अशक्य मूल्य आले तर काय’ आणि ‘ज्या शक्य मूल्यांची नावे मी लिहिली नाहीत त्यांचे काय’. पहिल्या कामासाठी लिहिलेले डिफॉल्ट दुसऱ्या कामाचा प्रश्नच पुसून टाकते. सुरक्षिततेसाठी केलेल्या एका नियमाने सुरक्षिततेची दुसरी तपासणी बंद पाडली. यात दोष नियम पाळणाऱ्याकडे जात नाही. भाषेत या दोन गोष्टी वेगळ्या लिहिण्याची सोय नाही.

आजकाल सुरक्षित भाषांची चर्चा बहुतेक वेळा मेमरीपुरती होते. त्याला कारण आहे: मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले होते की दरवर्षी ज्या सुरक्षा-त्रुटींवर ते दुरुस्ती काढतात त्यांतील सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातील चुकांमुळे असतात, आणि २०२० मध्ये क्रोम ब्राउझरमागील क्रोमियम प्रकल्पाच्या चमूने आपल्या गंभीर त्रुटींबद्दल तोच आकडा दिला. आपल्या प्रकरणातील चूक मात्र त्या मोजणीत कुठेच बसत नाही. येथे अॅरेच्या पलीकडे वाचले गेले नाही, मोकळी केलेली मेमरी वापरली गेली नाही, आणि सी मध्ये युनियनचा एक सदस्य लिहून दुसरा वाचणे हे नियमबाह्यदेखील नाही. मेमरीचे गैरवापर पकडणारी चाचणी-साधने या कोडवर तासन्‌तास चालवली असती तरी ती काही बोलली नसती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

तीन पर्याय

पहिला पर्याय सी मध्येच राहण्याचा होता. कडक सूचना चालू करून तिला एररचा दर्जा द्यायचा, डिफॉल्ट ठेवायचे पण त्यात फक्त दोष नोंदवायचा, आणि युनियन काढून तापमान व नकार-कोड यांना वेगवेगळ्या जागा द्यायच्या. काही बाइट जास्त लागतात, त्याची आता कोणाला चिंता नाही. एवढ्याने राहिलेली शाखा सापडते. सापडत नाही ते हे: अवस्था ‘नकार’ असताना तापमानाची जागा वाचू नये, हा नियम फक्त वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतो.

दुसरा पर्याय सी++ चा. भाषेच्या २०१७ च्या प्रमाण आवृत्तीत आलेल्या व्हेरिअंटमध्ये (अनेक प्रकारांपैकी एक भरता येणाऱ्या जागेत) कोणता प्रकार भरलेला आहे याची नोंद भाषेची लायब्ररी स्वतः ठेवते, आणि व्हिजिट या सोयीने प्रत्येक प्रकारासाठी वेगळे फंक्शन दिले तर एखादे राहिल्यास कम्पायलर अडतो. पण सगळे प्रकार गिळणारे एक सर्वसाधारण फंक्शन देता येते आणि मग डिफॉल्टचीच गोष्ट पुन्हा सुरू होते. शिवाय चुकीचा प्रकार मागितला तर अपवाद (चालताना झालेल्या चुकीचा संकेत) फेकला जातो, आणि ज्या बांधणीत अपवाद बंद ठेवलेले असतात तिथे प्रोग्रॅम जागीच थांबतो. भाषेच्या व्याकरणात पॅटर्न मॅचिंग (मूल्याच्या आकारानुसार शाखा निवडणे) आणण्याचे प्रस्ताव सी++ च्या समितीपुढे २०१९ पासून वेगवेगळ्या रूपांत येत आहेत, पण सी++२६ मध्येही ते सामील झालेले नाही. समितीची अडचण समजण्यासारखी आहे. चाळीस वर्षांच्या कोडशी जुळवून घेत नवी अभिव्यक्ती घालायची तर पॅटर्नमधील एखादे नाव म्हणजे आधीचे स्थिर मूल्य की नवे चल, इतका मूलभूत प्रश्नही अवघड होऊन बसतो.

तिसरा पर्याय रस्टचा, आणि येथे थोडे थांबावे लागेल.

रस्ट ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये वैयक्तिक प्रकल्प म्हणून सुरू केली, पुढे मोझिलाने तिला आधार दिला, आणि मे २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. तिचा पहिला कम्पायलर ओकॅमल या भाषेत लिहिलेला होता. पॅटर्न मॅचिंग तिच्यात आले ते त्याच घराण्यातून, म्हणजे एडिंबरा येथे सत्तरच्या दशकात वाढलेल्या एमएल आणि तिच्या वारसदार भाषांतून. रस्टमधील एनमचा प्रत्येक प्रकार आपली माहिती स्वतःसोबत बाळगतो: ‘नोंद’ या प्रकारात तापमान असते, ‘नकार’ या प्रकारात कोड असतो, आणि त्या माहितीपर्यंत पोहोचायची वाट मॅच या स्विचसारख्या रचनेच्या त्या त्या शाखेतूनच जाते. नकाराच्या शाखेत तापमान नावाचे काही अस्तित्वातच नसते, म्हणून तिथे ते वाचणारा कोड लिहिताच येत नाही. राहिलेली शाखा सापडणे ही यातील केवळ अर्धी गोष्ट आहे. माहिती आणि ती वाचण्याचा अधिकार एकाच वेळी हातात येणे ही दुसरी, आणि माझ्या मते ५१.८ अंशांचे मूळ या दुसऱ्या गोष्टीच्या अभावात होते.

शाखा राहिली आहे हे कम्पायलर कसे ओळखतो, याचे उत्तर सुंदर आहे. रस्टची तपासणी लुक मारांजे यांनी २००७ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. लिहिलेल्या शाखांच्या शेवटी ‘काहीही चालेल’ अशी एक शाखा जोडली तर तिच्या वाट्याला एखादे तरी मूल्य येईल का, एवढाच प्रश्न ती विचारते. येत असेल तर यादी अपुरी आहे, आणि ते मूल्यच पुरावा म्हणून दाखवता येते. हाच प्रश्न मधल्या एखाद्या शाखेबद्दल विचारला तर ती निरुपयोगी आहे का हेही कळते.

याचा प्रत्यय कंपनीत चाचणीच्या कोडवर लगेच आला. नकाराचा कोड म्हणजे एक बाइट. मॉडबसच्या तपशिलात दिलेले कोड, म्हणजे १ ते ६, ८, १० आणि ११, यांच्या शाखा तरुण अभियंत्याने लिहिल्या आणि कम्पायलरने ई०००४ हा एरर देऊन सांगितले की ०, ७, ९ आणि त्यापुढची काही मूल्ये हाताळलेली नाहीत. पूर्णांकांच्या बाबतीत इतकी अचूक गणना रस्टमध्ये २०१९ च्या आरंभी, १.३३ आवृत्तीत स्थिरावली. त्याआधी सगळी मूल्ये लिहिली तरी शेवटी सर्वग्राही शाखा द्यावीच लागत असे. कम्पायलरने ७ दाखवल्यामुळे काकांना आठवले की मॉडिकॉनच्या जुन्या दस्तऐवजांत ७ हा कोड नकारार्थी पोच म्हणून होता आणि जुन्या यंत्रांकडून तो अजूनही येऊ शकतो. सी मधल्या कोडने हा प्रश्न इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता.

संदेश उलगडण्याचा भागही बदलला. रस्टमध्ये स्लाइसवर, म्हणजे बाइटांच्या सलग तुकड्यावर, पॅटर्न लावता येतो, आणि मार्च २०२० च्या १.४२ आवृत्तीपासून ‘उरलेले सगळे बाइट’ असाही भाग त्यात बसवता येतो. ‘सात बाइट, त्यांतला दुसरा ४, तिसरा २, चौथ्या-पाचव्याला ही नावे’ असे एका ओळीत लिहिले की लांबीची तपासणी आणि वाचन एकत्रच होते. आधी लांबी तपासायची, मग निर्देशांकाने वाचायचे आणि मधल्या काळात कोणी लांबीची तपासणी हलवू नये अशी आशा करायची, हा क्रम संपतो.

काकांचा आक्षेप

“भाषा बदलली म्हणून सवय बदलत नाही,” असे काकांनी बैठकीत सांगितले. “मी डिफॉल्ट लिहिलं, उद्या कुणीतरी रस्टमध्ये सर्वग्राही शाखा लिहील. मग?”

“सवय नाही बदलली तरी चालेल, काका,” तरुण अभियंता म्हणाली. “पण नकाराचा कोड तापमान म्हणून वाचताच येऊ नये, एवढं मला हवंय.”

दोघांचे म्हणणे खरे होते, आणि ते तपासण्यासाठी एक प्रयोग ठरला. तोच उलगडा-भाग सी मध्ये सुधारून आणि रस्टमध्ये नव्याने लिहून तयार ठेवायचा, आणि मग दोन्हींत पाचवी अवस्था घालायची: ‘सेन्सर सांगतो की नोंद जुनी आहे’. सी मध्ये कडक सूचनेने सगळ्या जागा दाखवल्या, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. सोबतच इतर लायब्रऱ्यांमधील असंबद्ध एनमांवरचे इशारेही आले आणि ते बाजूला काढायला वेळ लागला. रस्टने एक जागा सोडून सगळीकडे बांधणी थांबवली. त्या एका जागी, सर्व्हरकडे पाठवण्याच्याच भागात, सर्वग्राही शाखा होती. काकांची भीती पहिल्याच प्रयोगात खरी ठरली.

फरक पुढच्या परिणामात होता. त्या सर्वग्राही शाखेत तापमान उपलब्ध नसल्यामुळे तिथून फक्त ‘नोंद नाही’ असेच पाठवता येत होते; जुनी नोंद असताना तसे पाठवणे चूक असले तरी खोटा आकडा बाहेर पडला नाही. त्यानंतर क्लिपी या तपासणी-साधनातील, एनमवर सर्वग्राही शाखा लिहिण्यास मज्जाव करणारा नियम प्रकल्पापुरता एररच्या दर्जाने लागू केला गेला. हा नियम मूळ भाषेत सक्तीचा नाही आणि नसावा, कारण पूर्णांकांवर किंवा स्ट्रिंगवर मॅच करताना सर्वग्राही शाखेवाचून चालत नाही. आपल्या स्वतःच्या एनमवर मात्र तिला जागा देण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी एक गोष्ट तपासणीत सापडली आणि ती अधिक शिकवणारी होती. उलगड्याचा भाग वेगळ्या क्रेटमध्ये, म्हणजे रस्टमधील स्वतंत्र लायब्ररीत, होता आणि त्यातील एनमवर ‘नॉन-एक्झॉस्टिव्ह’ ही खूण लावलेली होती. ही खूण डिसेंबर २०१९ मध्ये १.४० आवृत्तीसोबत आली. सार्वजनिक लायब्ररीच्या लेखकाला पुढे नवे प्रकार घालता यावेत आणि तेव्हा वापरणाऱ्यांचा कोड मोडू नये, हा तिचा हेतू. म्हणून बाहेरच्या क्रेटमधून मॅच करताना सर्वग्राही शाखा सक्तीची होते. येथे क्रेट लिहिणारे आणि वापरणारे एकाच खोलीत बसत होते. नवा प्रकार आल्यावर वापरणाऱ्यांचा कोड मोडावा, हेच तर त्यांना हवे होते. खूण काढून टाकली गेली. स्विफ्ट या भाषेने याच पेचावर २०१९ च्या पाचव्या आवृत्तीत वेगळी वाट काढली: ‘अननोन डिफॉल्ट’ लिहिले की भविष्यातील अज्ञात प्रकार पकडले जातात, पण आज माहीत असलेला एखादा प्रकार राहिला तर इशारा मिळतोच. मिस्राच्या नियमात ज्या दोन कामांची गल्लत होते ती या रचनेने नेमकी सोडवली आहे, आणि झिग या भाषेतही नावे नसलेल्या मूल्यांसाठी वेगळी शाखा लिहिण्याची सोय आहे. भाषा वाढतात त्या अशा, प्रत्यक्ष अडचणीतून; आणि या वाढीकडे लक्ष ठेवणे हा कामाचाच भाग आहे असे मी मानतो.

रस्टच्या सुरक्षिततेच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. मॅचच्या शाखेला जोडलेली अट पूर्णतेच्या हिशोबात धरली जात नाही, कारण ती खरी ठरेल की नाही हे कम्पायलरला ठरवता येत नाही. दुसरी मर्यादा कुलपांची, म्हणजे एकाच वेळी दोघांनी तीच माहिती बदलू नये म्हणून घातलेल्या अटकावांची. सेटिंग्जचा तक्ता कुलपाखाली ठेवून ‘इफ लेट’ने (एकाच पॅटर्नपुरत्या मॅचने) त्यात शोधायचे आणि न सापडल्यास एल्समध्ये तोच तक्ता लिहिण्यासाठी उघडायचा, असा कोड २०२१ च्या एडिशनपर्यंत (रस्टच्या नियमांच्या त्या आवृत्तीपर्यंत) बांधला जातो पण चालताना अडकून बसतो, कारण वाचनाचे कुलूप एल्स संपेपर्यंत सुटत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्थिर झालेल्या २०२४ च्या एडिशनने हा नियम बदलला आणि एल्समध्ये शिरण्यापूर्वी कुलूप सुटू लागले. मॅचमध्ये मात्र ते अजूनही शेवटपर्यंत धरून ठेवले जाते. मेमरीच्या दृष्टीने निर्दोष असलेला प्रोग्रॅम निश्चल पडू शकतो, हे नव्याने शिकणाऱ्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

निर्णय

ग्राहकांकडे बसवलेल्या यंत्रांत भाषा बदलायची नाही, हा निर्णय लवकर झाला आणि तो योग्य होता. त्या फर्मवेअरमध्ये युनियन गेली, कडक सूचना एरर झाली, आणि प्रत्येक डिफॉल्टमध्ये आता दोषाची नोंद होते व ‘नोंद अवैध’ असे पाठवले जाते. मिस्राचा नियमही पाळला जातो.

लिनक्स चालवणाऱ्या छोट्या बोर्डावरील नव्या मॉडेलमध्ये संदेशाचा उलगडा, अवस्था आणि सर्व्हरकडे पाठवणे हे तीन भाग रस्टमध्ये लिहिले गेले, आणि आरएस-४८५ वरून बाइट घेण्याचा काकांचा मुरलेला सी कोड तसाच ठेवला. दोन भाषांच्या सीमेवर एक नियम ठरला आणि तो काकांनीच आग्रहाने लिहून घेतला: सी कडून रस्टकडे फक्त बाइट, त्यांची लांबी आणि साधे पूर्णांक जातील, एनम कधीही जाणार नाही. सी मधून आलेले अवैध मूल्य रस्टच्या एनममध्ये शिरले तर रस्टच्या सगळ्या हमी तिथेच संपतात, कारण जाहीर प्रकारांखेरीज दुसरे मूल्य तिथे असूच शकत नाही या गृहीतावर कम्पायलर पुढचा कोड रचतो. म्हणून पूर्णांक आधी तपासून घेतला जातो, आणि तो ओळखीचा नसेल तर ‘खराब उत्तर’ या अवस्थेत रूपांतरित होतो. बाहेरच्या जगातून येणाऱ्या बाइटांची यादी कधी पूर्ण नसते. ती पूर्ण करण्याची जागा ही सीमा आहे, आणि तिच्या आत आल्यावर मात्र प्रत्येक प्रकाराला नाव असते.

नव्या मॉडेलची चाचणी त्याच ग्राहकाकडे चालू आहे. व्यस्त असल्याचा नकार आला की आलेखात आता त्या पाच मिनिटांची मोकळी जागा दिसते, आणि शेजारी नकाराचा कोड. तिन्ही फेजच्या मीटरांचा उलगडा अजून जुन्या सी कोडमध्येच आहे. त्यात तापमानापेक्षा कितीतरी जास्त नोंदी एकाच संदेशात येतात, म्हणून तो भाग हलवण्यापूर्वी प्रत्येक मीटर कोणते नकार देऊ शकतो याची यादी त्याच्या माहितीपुस्तिकेवरून करण्याचे काम तरुण अभियंत्याने हाती घेतले आहे.